बेसमेंटमध्ये पाणी येतंय? आधी घराबाहेर जाऊन बघ

पत्र: प्रिय मावशी, आम्ही दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत सॉमरसेट काउंटीमध्ये घर घेतलं, १९६८ सालचं बांधकाम आहे. एप्रिलमध्ये दोन दिवस सलग पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेसमेंटमधलं कार्पेट चपचपीत ओलं. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथून पाणी झिरपत होतं, एका खिडकीखालूनही ओघळ होता. कोपऱ्यात फरशीतल्या खड्ड्यात जुना सम्प पंप आहे, साचलेलं पाणी बाहेर फेकणारा, मधेच घरघरतो. एक कंपनीवाला बघून गेला, त्याने आतून चारी बाजूंनी ड्रेन आणि नवा पंप असे १८ हजार डॉलर सांगितले, आजच सही केली तर सूट म्हणाला. नवरा म्हणतो वॉटरप्रूफ पेंट मारू, दोनशे डॉलरमध्ये काम होईल. जुलैत सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांची खोली बेसमेंटमध्येच केलीय, सासऱ्यांना दमा आहे. रात्री पाऊस सुरू झाला की मला झोप लागत नाही. काय करू?

उत्तर:

अगं, पाऊस आला की झोप न लागणं मला चांगलं माहितीये, त्यामुळे तुला सविस्तर लिहिते. पण पाण्याचं नंतर, आधी सासू-सासऱ्यांचं. त्यांना या वर्षी बेसमेंटमध्ये झोपवू नकोस. दमा असलेल्या माणसाला ओलीच्या वासात सहा महिने ठेवायचं नाही हे एक कारण, आणि दुसरं त्याहून मोठं. २०२१ च्या १ सप्टेंबरला आयडा वादळाचं पाणी आलं तेव्हा न्यूयॉर्क शहरात ११ माणसं बेसमेंटच्या घरांमध्ये दगावली, रात्रीची वेळ होती, पाणी भसकन आत आलं आणि बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. म्हणून तर बेसमेंटमध्ये झोपायची खोली करायची असेल तर माणूस बाहेर निघू शकेल एवढी खिडकी लागते, सर्वसाधारण नियम असा की उघडल्यावर ५.७ चौरस फूट मोकळी जागा आणि खिडकीचा खालचा काठ फरशीपासून ४४ इंचांच्या आत. १९६८ च्या घरातल्या त्या छोट्या आडव्या खिडक्या यात बसत नाहीत. तेव्हा डायनिंग रूमला पडदा लाव, ऑफिसची खोली रिकामी कर, मुलांना एका खोलीत घाल, काहीही कर पण त्यांना वर ठेव, जिनेही कमी चढावे लागतील, गुडघ्यांना बरं. हे ठरवलंस की घाईतली निम्मी घाई आपोआप जाते आणि मग १८ हजारांच्या कागदावर आजच सही करायची गरज राहत नाही.

सहीवरून आठवलं, केली नसशीलच, पण केली असलीस तरी न्यू जर्सीत घरदुरुस्तीचा ५०० डॉलरच्या वरचा करार लेखी असावा लागतो आणि तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो रद्द करता येतो. काँट्रॅक्टर राज्याकडे रजिस्टर्ड आहे का तेही बघ. जो आजच सही करा म्हणतो त्याला उद्या ये म्हणायचं, उद्याही तोच भाव देत असेल तर बोलू.

आता पाणी. तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि कंपनीवाल्याने पण ती विचारलेली दिसत नाही: छतावरचं पाणी कुठे जातं? हिशोब करून बघ. घराचा तळ समजा १५०० चौरस फूट आहे, तीन इंच पाऊस पडला, तर नुसत्या छतावरून साधारण दहा हजार लिटर पाणी खाली येतं. उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत पाण्याचा टँकर यायचा ना, तसा एक अख्खा टँकर. तो टँकर चार कोपऱ्यांतल्या चार पाइपांतून तुझ्या पायाजवळ रिकामा होतोय, आणि ते पण बहुतेक भिंतीपासून फूटभरावर.

ते पाणी तिथेच का मुरतं तेही समजून घे, म्हणजे नवऱ्याला समजावता येईल. घर बांधताना बेसमेंटसाठी खड्डा खणतात तो घरापेक्षा मोठा असतो, भिंती उभ्या राहिल्या की मधली फट मातीने परत भरतात. ती भरलेली माती कायम भुसभुशीत राहते आणि तिच्या पलीकडची मूळ जमीन घट्ट, तुमच्या भागात तर बऱ्याच ठिकाणी लाल चिकणमाती आणि खाली लाल शेलचा दगड. म्हणजे घराभोवती एक न दिसणारा हौद तयार झालाय आणि पन्हळीचं पाणी बरोबर त्या हौदात पडतंय. हौद भरला की पाण्याचा दाब भिंतीवर आणि फरशीखाली येतो आणि पाणी सगळ्यात कच्ची जागा शोधतं, ती म्हणजे भिंत आणि फरशीचा सांधा. तुझ्याकडे नेमकं तिथूनच आलंय. कोकणात आपली घरं जोत्यावर असतात, पावसाळ्याआधी घराभोवती चर काढतात, पागोळ्यांचं पाणी जोत्याला लागू देत नाहीत. इथे आपण जमिनीच्या खाली सात-आठ फूट राहायला जातो आणि चर मात्र काढत नाही.

तर पहिलं काम, पुढचा जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन घराला एक प्रदक्षिणा घाल. बेसमेंटमध्ये उभं राहून काही कळत नाही, बाहेर दहा मिनिटांत सगळं दिसतं. पन्हळ भरून काठावरून पाणी सांडतंय का, कुठला डाउनस्पाउट, म्हणजे पन्हळीचं पाणी खाली आणणारा पाइप, सुटलाय का, भिंतीलगत डबकं साचतंय का, ड्राइव्हवेचा उतार घराकडे आहे का, त्या गळणाऱ्या खिडकीबाहेरचा अर्धगोल खड्डा पाण्याने भरतोय का. फोनवर व्हिडिओ काढून ठेव, नंतर काँट्रॅक्टरशी बोलताना कामाला येतो.

मग दुरुस्ती. पन्हळी वर्षातून दोनदा साफ, एकदा नोव्हेंबरच्या शेवटी पानं झडून गेल्यावर आणि एकदा मेच्या अखेरीला, कारण ओकच्या झाडाचे ते झुबके पडतात ना ते पानांपेक्षा वाईट अडकतात. शिडीवर नवऱ्याला एकट्याला चढू देऊ नकोस. प्रत्येक डाउनस्पाउटला पुढे पाइप जोडून पाणी घरापासून निदान सहा आणि जमलं तर दहा फूट लांब न्या, हार्डवेअरच्या दुकानात हे पाइप दहा-वीस डॉलरला मिळतात, दिसायला चांगले दिसत नाहीत पण लावा. शेजाऱ्याच्या अंगणात किंवा फुटपाथवर सोडू नका, थंडीत तिथे बर्फ होतो आणि कोणीतरी घसरून पडतं. मग मातीचा उतार, भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच खाली गेला पाहिजे. जिथे जमीन खचून घराकडे झुकलीय तिथे चिकणमाती आणून ठोकून बसवा, मल्च (झाडांखाली पसरतात तो लाकडाचा चुरा) किंवा वाळू नाही, त्यातून पाणी सरळ खाली जातं. आणि माती चढवताना सायडिंगपर्यंत, म्हणजे भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणापर्यंत, नेऊ नका, खाली पायाची सहा इंच भिंत तरी दिसत राहिली पाहिजे, नाहीतर तिथे ओल धरेल आणि वाळवी लागेल. खणायचं काही असेल तर आधी ८११ ला फोन, ते फुकट येऊन गॅस आणि विजेच्या लाइनी रंगाने आखून देतात. खिडकीच्या खड्ड्यातली पानं काढून तळाला खडी टाका आणि वर प्लॅस्टिकचं झाकण बसवा.

हे सगळं मिळून पाच-सातशे डॉलर आणि दोन शनिवार-रविवार. मी खात्रीने सांगते, कितीतरी घरांत एवढ्यानेच पाणी थांबतं किंवा इतकं कमी होतं की उरलेलं पंप सांभाळतो. म्हणून आधी हे, मग एक-दोन मोठे पाऊस जाऊ देत, मग पुढचं.

पेंटचं मात्र नाही म्हण. नवऱ्याची चूक नाही, डब्यावर लिहिलेलं वाचून कोणालाही तसंच वाटेल. पण पाण्याचा दाब बाहेरून आत आहे आणि पेंट आतून लागणार, म्हणजे पाणी त्याला भिंतीपासून ढकलत राहणार. गावाकडे ओल आलेल्या भिंतीला चुना लावला की पावसाळ्यात पोपडे सुटतात तेच होतं. भिंतीवर पांढरी पावडर दिसते का बघ, तो लोणा, पाणी भिंतीतून येतं आणि सुकताना क्षार मागे ठेवतं, त्यावर तर पेंट धरतच नाही. थोडी दमट भिंत असेल तर पेंटने फरक पडतो, वाहणाऱ्या पाण्याला नाही. भिंतीत उभी बारीक चीर असेल तर तिच्यात पॉलियुरेथेनचं इंजेक्शन देऊन बुजवता येते, ते काम टिकतं. पण चीर आडवी असेल किंवा भिंत आत फुगल्यासारखी वाटत असेल तर वॉटरप्रूफिंगवाल्याला नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलव, आणि लवकर.

आता तो घरघरणारा पंप, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळ आलं तेव्हा आमचा पंप अगदी ठणठणीत होता. पहाटे लाईट गेली. पंपाचा आवाज थांबला आणि मला जाग आली, आवाज थांबल्याने जाग येते हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी आणि हे टॉर्चच्या उजेडात बादल्यांनी पाणी उपसत होतो, सकाळपर्यंत घोट्याच्या वर आलं. खोक्यांमध्ये आईने हाताने शिवलेल्या दोन गोधड्या होत्या, वाळवल्या, धुतल्या, पण त्यांना आलेला वास गेलाच नाही. म्हणून सांगते, पंप चांगला असणं पुरत नाही, वादळातच लाईट जाते आणि वादळातच पंप लागतो.

आज करायचं ते असं. खड्ड्याचं झाकण काढ, एक बादली पाणी हळूहळू ओत. फ्लोट, म्हणजे पंपाचा पाण्यावर तरंगणारा खटका, वर आला की पंप सुरू झाला पाहिजे, पाणी उपसून आपोआप बंद झाला पाहिजे. फ्लोट वायरमध्ये किंवा खड्ड्याच्या भिंतीला अडकतो हे पंप बंद पडायचं फार नेहमीचं कारण, मोटर शाबूत असते आणि फ्लोट अडकलेला. पंप बंद झाल्यावर पाइपातलं पाणी धडधडत परत खड्ड्यात येत असेल तर चेक व्हॉल्व, म्हणजे पाणी परत येऊ न देणारी झडप, गेलाय, आपल्या विहिरीच्या मोटरला फुटव्हॉल्व असतो त्याचाच भाऊ, स्वस्त असतो, बदलून टाका. तळाला गाळ आणि खडे असतील ते काढ, घरघर बऱ्याचदा त्याचीच असते. ही बादलीची टेस्ट दर तीन महिन्यांनी, आणि वादळाची बातमी आली की त्या दिवशी परत. पंपाचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षं धरतात, तुमच्याचं वय माहीत नसेल तर झालंच असं समजून नवा घ्या, पाण्यात बुडणारा सबमर्सिबल घ्या.

किती मोठा घ्यायचा हे दुकानदाराला विचारू नकोस, खड्ड्याला विचार. खड्डा १८ इंच व्यासाचा असेल तर पाणी एक इंच चढलं म्हणजे साधारण एक गॅलन. जोराच्या पावसात पंपाचा प्लग एक-दोन मिनिटं काढ, पट्टीने मोज, मिनिटाला किती इंच चढलं तेवढे गॅलन येतायत, आणि प्लग लगेच परत लाव. एक तृतीयांश हॉर्सपॉवरचा चांगला पंप दहा फूट उंचीवर तासाला साधारण दोन हजार गॅलन टाकतो, म्हणजे मिनिटाला तीस-पस्तीस, बऱ्याच घरांना तेवढा भरपूर झाला. उगाच मोठा घेतला तर तो सारखा चालू-बंद होत राहतो आणि लवकर जळतो.

पंपाचा पाइप बाहेर कुठे निघतो तेही बघ. कित्येक घरांत तो भिंतीला लागूनच सोडलेला असतो, तेच पाणी परत मुरून परत खड्ड्यात, पंप रात्रभर तेच तेच पाणी फिरवत बसतो आणि आपल्याला वाटतं केवढं पाणी येतंय. तो पण दहा फूट लांब न्या. सांडपाण्याच्या सीवर लाइनला जोडू नका, बहुतेक गावांत त्याला मनाई आहे. जानेवारीत बाहेरच्या पाइपाचं तोंड बर्फाने बंद होतं, म्हणून घराबाहेर पडल्यावर लगेच जाळीचा एक जोड बसवतात, पुढे गोठलं तरी पाणी तिथून निघून जातं.

आणि बॅटरी. आपल्याकडे लोडशेडिंगच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आला तसंच हे, खड्ड्यात दुसरा छोटा पंप, त्याला मोठी डीप सायकल बॅटरी, लाईट गेली किंवा मोठा पंप बिघडला की हा आपोआप सुरू होतो. बॅटरी तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते, पाण्याची असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालत राहायचं. नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारा बॅकअप पंपही मिळतो, पण तो गावाचं पाणी असेल तरच, घरची विहीर असेल तर तिची मोटरही त्याच लाईटवर. आम्ही आयरीननंतर बॅटरी बसवली. आयडाच्या दिवशी नेवार्कला ८.४१ इंच पाऊस पडला, आमच्याकडेही आभाळ फाटलं होतं, मधे लाईट गेली तेव्हा बॅटरीचा पंप चालला आणि फरशी ओली झाली नाही. तुझ्याकडे हजार डॉलर असतील तर पेंटवर नाही, कार्पेटवर नाही, यावर घाल. सोबत वीस डॉलरचा पाण्याचा अलार्म फरशीवर ठेव.

तरीही पाणी आलं तर आतला ड्रेन, आणि मग तो खर्च योग्य आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. बाहेरचं नीट करूनही पाऊस थांबल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांध्यातून पाणी येत राहिलं तर ते जमिनीतलं पाणी आहे, वर चढलेलं, त्याला पन्हळ काही करू शकत नाही. तेव्हा भिंतीलगतची फरशी फोडून चर काढतात, खडी, भोकांचा पाइप, वर परत काँक्रीट, आणि सगळं पाणी पंपाच्या खड्ड्यात. म्हणजे हा ड्रेन पाणी अडवत नाही, फक्त पंपापर्यंत पोचवतो, हे नीट लक्षात घे, पंप बंद पडला तर १८ हजारांचा ड्रेन काही कामाचा नाही. निदान तीन जणांकडून अंदाज घे आणि प्रत्येकाला विचार की पाणी बाहेर कुठे सोडणार, बॅटरी धरली आहे का, घर विकलं तर वॉरंटी पुढच्याला मिळते का, आणि खड्ड्याला हवाबंद झाकण बसवणार का. झाकणाचं मुद्दाम लिहिते, सॉमरसेट काउंटी रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) जास्त असलेल्या भागात मोडते आणि उघडा खड्डा म्हणजे त्या गॅसला सरळ वाट. टेस्ट किट आण, लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा वर आलं तर त्याचंही काम त्यातच करून घ्या.

एप्रिलमध्ये भिजलेल्या कार्पेटचं काय केलंस ते तू लिहिलं नाहीस. काढून टाक गं, खालच्या फोमसकट. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकली नाही तर बुरशी धरते, वरून कोरडं लागलं तरी खालचा फोम आठवडाभर ओला असतो. ड्रायवॉल (भिंतीवरचे जिप्समचे तक्ते) खालून मऊ झाली असेल तर ओल चढली त्याच्या फूटभर वरपर्यंत कापून काढ. परत कार्पेट घालू नकोस, टाइल घाल आणि वर सुटी सतरंजी टाक. खोकी पुठ्ठ्याची नकोत, झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे, आणि तेही मांडणीवर.

उन्हाळ्यात एक चूक आपण सगळेच करतो, वारा खेळता राहावा म्हणून बेसमेंटच्या खिडक्या उघडतो. जुलैतली ती दमट हवा थंड भिंतीला लागली की गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं भिंतीला सुटतं. खिडक्या बंद, डिह्युमिडिफायर चालू, ५० टक्क्यांवर ठेव, त्याची नळी थेट खड्ड्यात किंवा सिंकमध्ये सोड म्हणजे बादली रिकामी करायला नको. भिंतीची ओल आतली की बाहेरची हे कळत नसेल तर प्लॅस्टिकचा दोन फुटी तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेव, प्लॅस्टिकच्या मागे पाणी दिसलं तर भिंतीतून येतंय, वर दिसलं तर हवेतलं.

इन्शुरन्सचा कागद आजच काढून वाच. साध्या घराच्या पॉलिसीत जमिनीतून झिरपलेलं पाणी आणि पूर दोन्ही धरत नाहीत. पंप बंद पडून पाणी आलं तर त्यासाठी पॉलिसीला वेगळी पुरवणी जोडून घ्यावी लागते, वर्षाला फार पैसे नसतात, मागून घे. पुराची सरकारी पॉलिसी वेगळी, ती लागू व्हायला साधारण ३० दिवस लागतात, म्हणजे वादळाची बातमी ऐकून घेऊन उपयोग नाही, आणि बेसमेंटमधली घर गरम करायची भट्टी, वॉटर हीटर, विजेचं पॅनेल अशा गोष्टी ती धरते, कार्पेट, सोफा, सजवलेल्या भिंती नाही.

आणि देव न करो, पण कधी खूप पाणी भरलंच तर प्लगपर्यंत पोचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, वीज कंपनीला फोन करायचा. बाहेरची जमीन चिंब असताना सगळं एका दमात उपसायचं पण नाही, रोज साधारण एक तृतीयांश, नाहीतर बाहेरचा दाब भिंत आत पाडू शकतो.

तर या शनिवारी पन्हळी आणि डाउनस्पाउट, आणि बादलीची टेस्ट. पुढच्या मोठ्या पावसात मिनिटाला किती इंच चढलं आणि खड्ड्याचा व्यास किती ते मोजून मला लिही, पाऊस थांबल्यावर किती तास पाणी येत राहिलं तेही, मग पंप कुठला आणि ड्रेन लागतो का ते आपण ठरवू.

तुझी मावशी